आईच्या खालच्या कवळीला दोन इम्प्लांट की सहा? आणि हे 'आयटीआय' नेमकं काय आहे?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज स्वतःचा प्रश्न घेऊन आले आहे.

आईचं वय ७१. तोंडात एकही दात नाही. वरची कवळी छान बसते, खालची मात्र चार वर्षांत दोनदा नवीन करूनही बसत नाही. बोलताना उचलली जाते, जेवताना तिच्याखाली दाणा अडकतो आणि हिरडी सोलवटते. आई आता जेवायला बसली की खालची कवळी काढून रुमालात गुंडाळते, फडताळावर ठेवते आणि भाकरी आमटीत कुस्करून गिळते. गेल्या महिन्यात भाचीच्या लग्नात पंगतीत बसली, पण फक्त वरण-भात कालवून खाल्ला. घरी आल्यावर म्हणाली, "लोकांसमोर तोंडातनं कवळी कशी काढायची गं?" त्या दिवशी मी ठरवलं की आता काहीतरी करायचंच.

दोन ठिकाणी दाखवलं. पहिल्या ठिकाणी खालच्या जबड्यात सहा इम्प्लांट (हाडात बसवायचे टायटॅनियमचे स्क्रू) घालून पक्के दात बसवायला सांगितलं. मागे हाड कमी आहे म्हणून तिथे हाडाची भर घालावी लागेल म्हणाले, आणि साडेचार लाखांचं कोटेशन हातात दिलं. दुसऱ्या ठिकाणी, सांगलीत, एक तरुण डॉक्टर भेटल्या. त्यांनी सांगितलं की हनुवटीच्या बाजूला दोनच इम्प्लांट घालू, त्यांवर कवळी बटणासारखी बसेल आणि रात्री काढून ठेवता येईल. खर्च याच्या चौथ्या हिश्शापेक्षाही कमी. त्यांनी आईची केस 'एसएसी' नावाच्या वर्गीकरणात कुठे बसते ते कागदावर लिहून दाखवलं आणि आपण आयटीआय या संस्थेच्या स्टडी क्लबमध्ये जातो असंही सांगितलं.

घरी येऊन वाचलं. ही स्वित्झर्लंडमधली ना-नफा संस्था आहे म्हणे, पण तिच्या पाठीशी इम्प्लांट बनवणारी कंपनी आहे. भाऊ म्हणतो, "मग ते कंपनीचंच दुकान झालं." माझा प्रश्न असा: अशा संस्थेचं सभासद असण्याला खरंच काही अर्थ असतो का? आणि दोन की सहा?

आईला मधुमेह आहे, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.४. चाळीस वर्षं मिश्री लावायची, सोडून आठ वर्षं झाली.

जुना खोंड

शीर्षक वाचून वाटलं फिटर-टर्नरच्या आयटीआयबद्दल धागा आहे. माझा मुलगा मिरजेच्या आयटीआयमध्ये आहे, म्हणून धावत आलो. आलोच आहे तर वाचतो. आईंना लवकर बरं वाटो.

लॅबवाला

@जुना खोंड, फार लांब नाही आलात. स्क्रू, पाना, टॉर्क, आटे सगळं तेच असतं. आमच्या टेबलावरचा टॉर्क रेंच बघून एकदा गॅरेजवाला मित्र म्हणाला होता, "अरे, हा तर माझ्या रेंचचा नातू!" अबटमेंटचा, म्हणजे इम्प्लांटवर बसणाऱ्या ठोकळ्याचा, स्क्रू किती न्यूटन सेंटिमीटरला घट्ट करायचा हे कंपनी लिहून देते, पुष्कळ ठिकाणी ३५. कमी पडला तर सैल होतो, जास्त झाला तर तुटतो. सविस्तर नंतर लिहितो, आत्ता दोन कवळ्या भट्टीत आहेत.

अक्कलदाढ

कृष्णाकाठ ताई, मी सातारा जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो, कृत्रिम दात हाच माझा विषय. जरा लांबण लागेल, पण तुमच्या भावाची शंका रास्त आहे आणि तिला पूर्ण उत्तर मिळायला हवं.

इम्प्लांटची गोष्ट दोन ठिकाणी जवळजवळ एकाच काळात घडली. स्वीडनमध्ये ब्रॉनेमार्क यांना १९५२ मध्ये सशाच्या हाडातलं रक्ताभिसरण पाहताना दिसलं की टायटॅनियमची नळी हाडाला इतकी घट्ट धरून बसलीय की निघतच नाही. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. इकडे स्वित्झर्लंडमध्ये बर्न विद्यापीठातले प्राध्यापक आंद्रे श्रोडर याच प्रश्नाच्या मागे होते. त्यांच्या गटाने १९७६ मध्ये, हाड टायटॅनियमला मधे कसलाही पडदा न ठेवता चिकटतं याचे सूक्ष्मदर्शकाखालचे पुरावे छापले. ब्रॉनेमार्क यांची रीत इम्प्लांट हिरडीखाली झाकून ठेवून काही महिन्यांनी पुन्हा उघडायची. श्रोडर यांच्या गटाने इम्प्लांटचा माथा पहिल्या दिवसापासून हिरडीबाहेर ठेवला, म्हणजे दुसरी शस्त्रक्रिया टळली. आज दोन्ही रीती चालतात.

१९८० मध्ये श्रोडर आणि कारखानदार फ्रिट्झ श्ट्राउमान यांनी मिळून इंटरनॅशनल टीम फॉर इम्प्लांटॉलॉजी काढली. तीच ही आयटीआय. संशोधनाला अनुदान देणं, तरुण दंतवैद्यांना परदेशातल्या विद्यापीठांत वर्षभराची शिष्यवृत्ती देणं, उपचारांची मार्गदर्शक पुस्तकं काढणं, काही वर्षांनी एकदा सहमती परिषद भरवणं आणि गावोगावी स्टडी क्लब चालवणं ही तिची कामं. २०१४ पासून ऑनलाइन अकादमीही आहे.

आता सभासदत्वाचं स्पष्ट सांगतो. वार्षिक वर्गणी भरून कुठलाही दंतवैद्य मेंबर होऊ शकतो. फेलो व्हायला मात्र नाव सुचवलं जावं लागतं आणि काम दाखवावं लागतं. तेव्हा भिंतीवर मेंबरचं प्रमाणपत्र दिसलं म्हणजे हात चांगला, असं समजू नका. आपल्याकडे इम्प्लांट हा एमडीएसचा स्वतंत्र विषय नाही. बीडीएस झालेला डॉक्टरही इम्प्लांट घालू शकतो, आणि बीडीएसला त्याचं शिक्षण जेमतेम मिळतं. म्हणून पुढचं शिक्षण कुठून घेतलं हे विचारायलाच हवं.

स्टडी क्लबचा खरा उपयोग मला कुठे झाला ते सांगतो. सात-आठ वर्षांपूर्वी पुण्यात एका बैठकीत मी माझी बिघडलेली केस मांडली. वरचा पुढचा दात, दीड वर्षात हिरडी वर सरकून धातूची करडी कड दिसायला लागलेली. पंचवीस-तीस जण समोर. एका ज्येष्ठ बाईंनी माझी पहिल्या दिवसाची स्लाइड परत लावायला सांगितली, पडद्याजवळ गेल्या, ओठाच्या आणि हाडाच्या मधल्या पातळ पट्टीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे एक मिलिमीटरसुद्धा नाही. दिसलं नव्हतं का?" दिसलं होतं. मला वाटलं होतं जमेल. गावात एकट्याने प्रॅक्टिस करणाऱ्याला असा प्रश्न विचारणारं कोणी नसतं. त्या दिवसापासून मी एसएसी भरल्याशिवाय केस घेत नाही.

एसएसी म्हणजे केस सरळ आहे, अवघड आहे की गुंतागुंतीची आहे, ते आधीच ठरवणं. तब्येत, सिगारेट-तंबाखू, हाडाची उंची-जाडी, हसताना हिरडी किती दिसते, वर दात कसे बसवायचे, हे सगळं एकेक करून पाहायचं. तुमच्या डॉक्टर बाईंनी ते कागदावर लिहून दाखवलं, ही मला फार चांगली खूण वाटते.

आणि दोन की सहा? २००२ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जाणकार जमले आणि त्यांनी म्हटलं की खालच्या बिनदाती जबड्याला साधी कवळी हा पहिला पर्याय मानू नये, दोन इम्प्लांटवरची कवळी हा पहिला पर्याय असावा. सहा घालणं चूक नाही. पण ७१ वर्षांच्या मधुमेही बाईंना मागच्या बाजूला हाडाची भर घालण्याची गरज खरंच आहे का, हा प्रश्न पहिल्या डॉक्टरांना विचारा.

शंकासूर

@अक्कलदाढ, प्रतिसाद माहितीपूर्ण. तरी भावाची बाजू घेतो, कारण ती इथे कोणीतरी घ्यायला हवी.

संस्थेच्या दोन संस्थापकांपैकी एक इम्प्लांट बनवणारे कारखानदार. कंपनीचं पाठबळ आजही आहे. शिष्यवृत्ती घेऊन जो मुलगा परदेशी जातो, तो ज्या इम्प्लांटवर हात बसवून येतो तेच आयुष्यभर वापरणार. यात कुणी लाच दिली असं मी म्हणत नाही. सवय लावणं पुरेसं असतं.

दुसरं, आकडे. बर्नमधला तो प्रसिद्ध अभ्यास बघा. २०१२ मध्ये छापलेला, ३०३ रुग्ण, ५११ इम्प्लांट, दहा वर्षांनी ९८.८ टक्के टिकले. काम उत्तमच. पण ते विद्यापीठातलं आहे, रुग्ण पारखून घेतलेले, दर ठरावीक काळाने बोलावून तपासलेले. तोच आकडा आपल्याकडे दवाखान्याच्या पाटीवर '९८ टक्के यश' म्हणून येतो. आईंना तो आकडा लागू पडतो का? चाळीस वर्षं मिश्री, वर मधुमेह.

ऱ्हाईनकाठ

मी स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला राहतो. दातांशी संबंध फक्त रुग्ण म्हणून, पण इथली थोडी माहिती देतो, कारण कारखानदाराची गोष्ट इथे आल्याशिवाय नीट कळत नाही.

इथून लिस्टालला जायचं आणि तिथून छोट्या गाडीने वाल्डेनबुर्ग. ती गाडी २०२१ पर्यंत फक्त ७५ सेंटिमीटर रुंदीच्या रुळांवर धावायची. माझ्या मुलीला आपली माथेरानची राणी आठवायची, ती तर त्याहूनही अरुंद, दोन फुटी! आता रूळ मीटरभर रुंद केलेत. वाल्डेनबुर्ग हे डोंगराच्या घळीत बसलेलं घड्याळांचं गाव. फ्रिट्झ यांचे वडील राइनहार्ड श्ट्राउमान हे मिश्रधातूंचे जाणकार. थंडी-उन्हाने ज्याची लवचिकता बदलत नाही असा निवारॉक्स हा घड्याळाच्या केसाएवढ्या स्प्रिंगचा धातू त्यांचा. पुढे तीच विद्या मोडलेली हाडं जोडायच्या पट्ट्या आणि स्क्रूंकडे वळली. १९५८ मध्ये स्विस हाडाच्या सर्जननी एओ नावाचा गट काढला होता. सर्जन एका बाजूला, धातूवाले दुसऱ्या बाजूला, आणि प्रत्येक ऑपरेशनची नोंद ठेवायची शिस्त. दातांच्या बाबतीत पुढे जे झालं ते त्याच वळणावर गेलं.

तेव्हा @शंकासूर, कारखानदार मागून येऊन चिकटला असं नाही. तो पहिल्यापासून टेबलाशी होता, कारण धातू त्यालाच कळत होता. तुमची शंका त्याने मिटत नाही, हे कबूल.

अक्कलदाढ

@शंकासूर, बर्नच्या आकड्याबद्दल शंभर टक्के सहमत. पाटीवर टक्के लिहिणाऱ्याला विचारावं, "हे तुमच्या किती रुग्णांचे, किती वर्षांचे?"

कंपनीच्या प्रभावाबद्दल एक उदाहरण देतो. सहमती परिषदेआधी ठरलेल्या प्रश्नांवरचा सगळा उपलब्ध अभ्यास गोळा करून लेख तयार होतात. मग गटांत खल होतो, शेवटी सगळ्यांसमोर एकेक वाक्य ठेवून ते मान्य होतं. २०१८ च्या ॲमस्टरडॅमच्या परिषदेत ६ मिलिमीटर किंवा त्याहून आखूड इम्प्लांटचा प्रश्न होता. आखूड इम्प्लांट हे विकायला सोयीचं उत्पादन, हाडाची भर घालायची भीती नाही. तिथे मांडलेल्या आढाव्यात काय निघालं? आखूड इम्प्लांट सरासरी ९६ टक्के टिकले, लांब ९८ टक्के. पण आखूड इम्प्लांटचे आकडे अभ्यासागणिक ८६.७ पासून १०० पर्यंत पसरलेले, लांब इम्प्लांटचे ९५ ते १००. म्हणजे आखूड चालतात, पण खात्री कमी, आणि हे स्पष्ट लिहून छापलं. दुकानाने असं लिहिलं नसतं.

तरीही कंपनीच्या पैशावर डोळा ठेवणारे तुमच्यासारखे लोक हवेतच. माझ्याकडे मी दोन वेगळ्या कंपन्यांचे इम्प्लांट ठेवतो, त्यामागे हेच कारण आहे.

अबोली

मी डॉक्टर नाही, पण दोन-सहाच्या आधी एक गोष्ट सगळ्यांनी वाचावी म्हणून लिहिते.

मी २०१६ मध्ये खालच्या दाढेच्या जागी एक इम्प्लांट घेतलं, तेव्हा आम्ही दुसऱ्या शहरात होतो. पाच वर्षांनी कॅप हलायला लागली. आता राहतो तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. इम्प्लांट उत्तम, फक्त आतला स्क्रू सैल झाला होता. दहा मिनिटांचं काम. पण त्यांनी विचारलं, "कुठल्या कंपनीचं आहे?" मला माहीत नाही. जुन्या दवाखान्यात फोन केला तर तो बंद झालेला. डॉक्टरांनी पेटीतले पाने एकेक करून लावून पाहिले. षटकोनी, चौकोनी, ताऱ्यासारखा, कुठलाच बसेना. एक्स-रेवरचा आकार इतर डॉक्टरांना पाठवून विचारलं. तीन आठवडे मी एका बाजूने जेवले. शेवटी नाशिकच्या कुणी तरी ओळखला, पाना कुरिअरने आला आणि दहा मिनिटांत काम झालं.

प्रत्येक इम्प्लांटच्या डबीवर स्टिकर असतं. त्यावर कंपनी, जाडी, लांबी आणि लॉट नंबर. ते सोलून रुग्णाच्या कागदावर लावायचं असतं, हे मला तेव्हा कळलं. माझं ते स्टिकर बहुधा त्या दिवशीच कचऱ्यात गेलं. कृष्णाकाठ, आईच्या ऑपरेशनच्या दिवशी स्टिकर मागून घ्या. लाजू नका.

लॅबवाला

@अबोली ताईंचा प्रतिसाद छापून प्रत्येक दवाखान्यात लावायला पाहिजे. आमच्याकडे महिन्यातून एखादं तरी माप असं येतं की 'सिस्टिम माहीत नाही'. मग आम्ही काय अंदाज लावायचा?

आता कामाचं. कोल्हापुरात माझी लॅब आहे, सत्तावीस वर्षं कवळ्या करतोय. दोन इम्प्लांटच्या कवळीचं गणित असं. इम्प्लांटवर एक ठोकळा येतो, कवळीच्या आत धातूची टोपी बसते आणि टोपीत नायलॉनची चकती. चकती ठोकळ्यावर दाबली की 'टक' आवाज येतो आणि कवळी बसते. चकत्या रंगीत असतात, रंगावरून पकड कळते. म्हाताऱ्या बोटांना काढता येईल अशा सैल चकतीने सुरुवात करा. संधिवात असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. मी एकदा घट्ट चकत्या लावून दिल्या होत्या, तर आजींना तीन दिवस कवळीच निघेना.

दोन गोष्टी विसरू नका. टोपी बसते तिथे कवळी पातळ होते आणि नेमकी तिथेच मोडते. आत धातूची जाळी घालायला सांगा. आणि जुनी कवळी टाकू नका, जखम भरेपर्यंत तीच आतून मऊ अस्तर लावून वापरायची असते.

मांडवीकाठ

आमच्या बाबांचं काम बांबोळीच्या गोवा डेंटल कॉलेजात झालं, दोन इम्प्लांट आणि वर कवळी. सहा वर्षं झाली. आधी त्यांना सोलकढी पितानाही खालची कवळी सांभाळावी लागायची, आता सुकी सुंगटं चावून खातात.

पण एक इम्प्लांट मध्यंतरी गेलंच होतं म्हणा. बाबा विडी ओढायचे आणि साफसफाईचा कंटाळा. हिरडी सुजली, ब्रश लावला की रक्त. दुखत नव्हतं म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. तपासणीत कळलं की इम्प्लांटभोवतीचं हाड झिजत चाललंय. डॉक्टरांनी स्वच्छ केलं, विडी सोडायला लावली आणि दर चार महिन्यांनी बोलावलं. वाचलं. खऱ्या दाताला कीड लागते, इम्प्लांटला लागत नाही, म्हणून लोक निर्धास्त होतात. हाड मात्र दोघांभोवतीचं झिजतं.

जुना खोंड

मिश्रीचा विषय निघाला म्हणून सांगतो. आमच्या आईची तव्यावर तंबाखू भाजायची वेळ ठरलेली होती, पहाटे चूल पेटली की आधी मिश्री, मग चहा. घरभर तो वास. आम्ही पोरं खोकत अंगणात पळायचो. दातांना बरं असतं म्हणायची. पन्नाशीत सगळे दात हलले. तिला कुणी सांगितलंच नाही की हलतात ते मिश्रीनेच. कृष्णाकाठ ताई, तुमच्या आईंनी सोडली हे मोठं काम केलं. त्या वयात ती सवय सुटणं म्हणजे काय ते मी पाहिलंय.

अक्कलदाढ

जुना खोंड, खरं आहे. आमच्याकडे आजही पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मिश्रीमुळे सैल झालेले दात दर आठवड्याला दिसतात.

कृष्णाकाठ ताई, आणखी एक विचारायचं राहिलं. आईंना हाडं ठिसूळ झाल्याबद्दल आठवड्याची गोळी किंवा वर्षातून एकदा सलाइनमधून इंजेक्शन चालू आहे का? काही औषधांमुळे जबड्याची जखम भरत नाही, हाड उघडं पडतं. रुग्ण हे औषध दाताच्या डॉक्टरला सांगत नाहीत, कारण गुडघ्याच्या डॉक्टरांनी दिलेलं असतं.

आणि खालची कवळीच का बसत नाही, तेही लिहितो, आईंना वाटत असेल आपलंच काही चुकतंय. दात गेल्यावर जबड्याचा उंचवटा झिजत जातो. १९७२ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात कवळी वापरणाऱ्यांना पंचवीस वर्षं तपासलं होतं. खालचा उंचवटा वरच्यापेक्षा सुमारे चौपट झिजलेला निघाला. वरच्या कवळीला टाळूचा पसारा मिळतो, ती चोखून धरली जाते. खालच्या कवळीला जीभ ढकलते, गाल ढकलतो, आणि खाली उभं राहायला जागा अशी नसतेच. तिसरी नवीन कवळी केली असती तरी तेच झालं असतं.

शंकासूर

कृष्णाकाठ, मी वाद घातला तो संस्थेशी, तुमच्या डॉक्टरांशी नाही. मला विचाराल तर जी डॉक्टर कमी खर्चाचा उपाय आधी सांगते आणि कारण कागदावर लिहून देते, तिच्याकडे जा. तिची सभासद-पाटी माझ्यासाठी शेवटची गोष्ट.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाला पूर्ण धागा वाचून दाखवला. त्याने शंकासुरांचे प्रतिसाद दोनदा वाचायला लावले!

आईला हाडांची कुठलीच गोळी किंवा इंजेक्शन नाही, तपासून घेतलं. पहिल्या डॉक्टरांना हाडाच्या भरीबद्दल विचारलं. ते चिडले नाहीत, म्हणाले, "पक्के दात हवे असतील तर लागेल, काढ-घालीचे चालत असतील तर नाही." म्हणजे दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, प्रश्न आम्हाला काय हवंय हा होता. आईला विचारलं. ती म्हणाली, "रात्री काढून धुता येणारंच बरं. तोंडात काय चाललंय ते मला दिसायला पाहिजे."

सांगलीच्या डॉक्टर बाईंकडे करायचं ठरलं. झालं की इथे लिहीन.

कृष्णाकाठ

(पाच महिन्यांनी) धागा वर काढते आहे, कारण कुणाला तरी उपयोग होईल.

दोन्ही इम्प्लांट एकाच दिवशी घातले, ४.१ मिलिमीटर जाडीचे आणि १० लांबीचे. पाऊण तास लागला. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "यापेक्षा दाढ काढताना जास्त दुखलं होतं." संध्याकाळी हनुवटीला सूज आली, चार दिवसांत उतरली. डॉक्टरांनी साखर आधी सातच्या खाली आणायला लावली होती, त्यात सहा आठवडे गेले. मग हाड धरायला तीन महिने. तोवर जुनीच कवळी, लॅबवाल्यांनी सांगितलं तसं आतून मऊ अस्तर लावून.

मी स्टिकर मागितलं तेव्हा डॉक्टर बाई हसल्या आणि फाइलमधून कार्डच काढून दिलं, त्यावर दोन्ही स्टिकर आधीच चिकटवलेले होते. अबोली, तुमची आठवण आली. आईने ते कार्ड आधार कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवलंय, ते पाकीट कपाटात साड्यांच्या घडीत.

कवळी बसवली त्या दिवशी डॉक्टरांनी आईच्या हातात आरसा दिला आणि तिलाच दाबायला सांगितलं. 'टक' आवाज आला. तिने जीभ फिरवून पाहिली, काढली, परत बसवली, परत काढली. चार-पाच वेळा. मग भावाकडे बघून म्हणाली, "आता ढकल बघू." भाऊ डॉक्टरांसमोर कुठे ढकलणार!

घरी आल्यावर जोंधळ्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. तिने भाकरीचा पापुद्रा आमटीशिवाय खाल्ला, कडेचा करकरीत भागसुद्धा. मी समोर बसून तिच्या चावण्याचा आवाज ऐकत होते. फडताळावरचा रुमाल मी धुऊन ठेवून दिला.

लॅबवाला

वा! जाळी घातली का कवळीत? आणि चकत्या साधारण वर्षभरात सैल होतात, 'टक' आवाज बारीक झाला की बदलायला न्या. पाच मिनिटांचं काम आहे.

अक्कलदाढ

फार आनंद झाला. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवायची, आणि त्या दोन ठोकळ्यांभोवती मऊ ब्रश रोज फिरवायचा. हिरडीतून रक्त आलं तर दुखण्याची वाट बघू नका, मांडवीकाठ यांच्या बाबांचं लक्षात ठेवा. पहिल्या वर्षी दर चार महिन्यांनी तपासणी.

जुना खोंड

ताई, आता पाऊस सुरू होईल. आईंना भाजलेलं कणीस चालेल का?

कृष्णाकाठ

@लॅबवाला, जाळी घातली आहे, पहिल्याच दिवशी विचारून घेतलं.

@जुना खोंड, आईनेच हे डॉक्टरांना विचारलं होतं! पुढच्या दातांनी कणीस तोडायचं नाही, कवळी उचकटते म्हणाल्या. दाणे सोलून मागच्या बाजूने चावायचे. काल पहिलं कणीस आणलं. ती दाणे सोलून वाटीत घेऊन ओट्यावर बसली, मीठ-लिंबू लावून, आणि निम्मे दाणे भाच्याच्या पोराने पळवले.